गिरणगावाचे गुडघे : डिलाईल रोड परिसरातील गुडघेदुखी, व्यायामोपचार आणि चिकटपट्टी यांचा ऐतिहासिक आढावा

प्रास्ताविक

मुंबईच्या गिरणी कामगारांचा इतिहास लिहिताना अभ्यासकांचे लक्ष साधारणतः संप, संघटना, वेतन, घरे आणि शाहिरी यांकडे जाते. कामगाराचे शरीर या इतिहासात येते ते बहुधा दोनच प्रसंगी : यंत्रात हात सापडून बोट गेले तेव्हा, किंवा कापसाच्या धुळीने फुप्फुस निकामी केले तेव्हा. गुडघा मात्र या इतिहासात जवळजवळ कोठेच भेटत नाही. वास्तविक डिलाईल रोडवरील कोणत्याही जुन्या चाळीच्या जिन्यापाशी सकाळच्या वेळी थोडा वेळ उभे राहिले, तर कठड्याला धरून, एक पाय आधी खाली टेकवून मग दुसरा आणणारी वयस्क माणसे दृष्टीस पडतात. या चालीला घरोघरी 'वय झाले' असे एकच स्पष्टीकरण दिले जाते.

हे स्पष्टीकरण पुरेसे आहे काय, आणि या दुखण्यावर गेल्या सात दशकांत जे उपचार पुढे आले त्यांपैकी व्यायाम आणि गुडघ्याच्या वाटीवर लावावयाची चिकटपट्टी या दोहोंचा प्रवास कसा झाला, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. लेखाचा विषय झीजेमुळे होणारा गुडघ्याचा संधिवात, म्हणजे वैद्यकीय परिभाषेतील ऑस्टिओआर्थ्रायटिस, एवढ्यापुरताच मर्यादित आहे. यात सांध्यातील हाडांच्या टोकांवरचे गुळगुळीत कूर्चेचे आवरण विरत जाते, कडेने हाड वाढते, मांडीचा पुढचा स्नायू दुबळा होतो आणि जिना, उकिडवे बसणे व जमिनीवरून उठणे या तीन क्रिया प्रथम त्रास देऊ लागतात. पन्नाशीनंतर स्त्रियांत हा विकार पुरुषांपेक्षा अधिक आढळतो. महाराष्ट्रापुरते बोलायचे तर पुण्याजवळील भिगवण येथे डॉ. अरविंद चोप्रा व सहकाऱ्यांनी १९९६ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीनुसार केलेल्या पाहणीने ग्रामीण भागातील सांधेदुखीचे व्यापक स्वरूप प्रथम पद्धतशीरपणे पुढे आणले. गिरणगावाच्या वाट्याला, गिरण्या चालू असताना, अशी पाहणी आली नाही.

परिसर, चाळ आणि काम

सातरस्त्यापासून लोअर परळपर्यंत जाणाऱ्या या रस्त्याचे अधिकृत नाव ना. म. जोशी मार्ग असे आहे. बोलण्यात मात्र डिलाईल रोडच टिकून आहे. एका अंगाला मध्य रेल्वेचे करी रोड, दुसऱ्या अंगाला पश्चिम रेल्वेचे लोअर परळ, आणि या दोन लोहमार्गांच्या मधल्या पट्ट्यात अपोलो, सीताराम यांसारख्या गिरण्या व त्यांच्या आधाराने वाढलेली वस्ती. १९२० साली गव्हर्नर जॉर्ज लॉईड यांच्या कारकिर्दीत स्थापन झालेल्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, शिवडी आणि डिलाईल रोड येथे ज्या सिमेंटच्या चाळी बांधल्या, त्यांपैकी ३२ चाळी येथे आल्या. तळमजला अधिक तीन मजले, प्रत्येक मजल्यावर २० खोल्या, खोली सुमारे १६० चौरस फुटांची, शौचकूप सामाईक आणि उद्वाहन अर्थातच नाही. साधा हिशेब केला तर २,५६० खोल्यांपैकी १,९२० खोल्या अशा की, त्यांतील माणसाला दिवसातून प्रत्येक वेळी जिना चढूनच घरी पोहोचावे लागे. बीडीडी चाळींवर पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यांचा कोंदटपणा, त्यांतील गावकीच्या खोल्या, त्यांनी घडवलेले राजकारण यांची चर्चा झाली आहे. जिन्याची चर्चा झाली नाही.

गिरणीतील काम हे प्रामुख्याने उभ्याने करावयाचे काम होते. त्रासन खात्यातील कामगार साच्यांच्या मधल्या गल्लीत पाळीभर फिरत असे, तुटलेला धागा जोडण्यासाठी वाकत असे. डॉफर भरलेल्या बॉबिनी काढून रिकाम्या चढवीत असे. विणकर मागापाशी उभा असे. १९११ च्या फॅक्टरी कायद्याने कापड गिरण्यांतील प्रौढ पुरुषांचा दिवस १२ तासांवर आणला, १९२२ च्या दुरुस्तीने आठवडा ६० तासांचा, १९३४ च्या कायद्याने ५४ तासांचा आणि १९४६ च्या दुरुस्तीने ४८ तासांचा झाला. तास कमी होत असताना प्रत्येक माणसामागची यंत्रे मात्र वाढत होती. एकाऐवजी दोन बाजू आणि दोनऐवजी तीन माग सांभाळण्याची सक्ती हे १९२८ च्या सार्वत्रिक संपाचे एक प्रमुख कारण होते. ही गोष्ट वेतनाच्या अंगाने सर्वज्ञात आहे. पायांच्या अंगाने तिचा अर्थ एवढाच की चालणे वाढले.

येथे एक सावधगिरी बाळगणे आवश्यक वाटते. गिरणीने गुडघे झिजवले, असे सरळ विधान करण्याचा मोह होतो. परंतु उपलब्ध संशोधन त्याला पूर्ण आधार देत नाही. अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम येथील लोकसंख्येवर आधारलेल्या, १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ज्या पुरुषांच्या कामात गुडघे वाकवणे आणि अंगमेहनत दोन्ही होती, त्यांना पुढे झीज होण्याची शक्यता अधिक दिसली. बीजिंगमधील वृद्धांच्या २००४ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत तरुणपणी दीर्घकाळ उकिडवे बसण्याचा आणि गुडघ्याच्या झीजेचा संबंध आढळला. निव्वळ उभे राहणे किंवा सपाट जमिनीवर चालणे यांविषयीचा पुरावा इतका भक्कम नाही. म्हणून डिलाईल रोडच्या बाबतीत एकट्या साच्याला दोष देण्यापेक्षा साचा, जिना, उकिडवे शौचकूप, डोक्यावरून वाहिलेले पाणी आणि जमिनीवरचा सगळा संसार यांचा एकत्रित भार लक्षात घेणे अधिक न्याय्य ठरेल. कामगाराचा गुडघा गिरणीत आठ तास आणि चाळीत उरलेला वेळ राबत होता.

हा भार स्त्रियांच्या बाबतीत अधिकच अदृश्य राहिला. गिरणगावातील खाणावळी प्रामुख्याने स्त्रियांनी चालवल्या. एकट्या राहणाऱ्या कामगारांची दोन वेळची जेवणे घरातच रांधणारी खाणावळवाली पहाटे चुलीपाशी किंवा स्टोव्हपाशी बसे. मळणे, लाटणे, भाजणे, वाढणे, भांडी घासणे ही सारी कामे जमिनीवर, गुडघे पूर्ण दुमडून किंवा वारंवार उठबस करून व्हायची. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळाची स्थापना केली तेव्हा या स्त्रियांच्या कर्जाचा प्रश्न प्रथम संघटितपणे पुढे आला. त्यांच्या सांध्यांचा प्रश्न पुढे येण्याचे कारण नव्हते, कारण कायद्याच्या दृष्टीने त्या कामगारच नव्हत्या. ज्या आसनात त्यांचा दिवस जात असे, नेमके त्याच आसनाविषयीचा पुरावा सर्वांत स्पष्ट आहे, हे येथे नोंदवावेसे वाटते.

नोंदीत आलेले आणि न आलेले

व्यवसायजन्य सांधेझीजेचा अभ्यास इंग्लंडमध्ये लवकर सुरू झाला. तेथील कोळसा खाणींत गुडघे टेकून काम करणाऱ्यांच्या गुडघ्यावरील सूज विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातच भरपाईयोग्य विकारांत समाविष्ट झाली होती. १९५२ साली केलग्रेन आणि लॉरेन्स यांनी खाणकामगारांच्या सांध्यांचा क्ष-किरण अभ्यास प्रसिद्ध केला. क्ष-किरण चित्रावरून झीजेची प्रतवारी करण्याची, आजही वापरात असलेली त्यांची पद्धत १९५७ ची आहे. याच लॉरेन्स यांनी १९६१ साली सूतगिरणी कामगारांच्या सांधेदुखीवर स्वतंत्र निबंध लिहिला. १९७८ साली अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यातील एका लोकरगिरणीतील स्त्री कामगारांचा जो अभ्यास झाला, तो तर संपूर्णपणे हातांविषयीचा होता. कापड कामगार म्हटले की संशोधकाची नजर बोटांकडे वळे, हे स्वाभाविकच म्हणावे लागेल. धागा बोटांनी जोडला जातो. पाय त्या माणसाला धाग्यापर्यंत नेऊन उभा करतात, एवढेच.

आपल्याकडे १९२३ चा कामगार भरपाई कायदा झाला तेव्हा त्याच्या तिसऱ्या परिशिष्टात अँथ्रॅक्स, शिशाची व फॉस्फरसची विषबाधा यांसारखे मोजकेच आजार होते. कापसाच्या धुळीने होणारा श्वसनविकार, म्हणजे बिसिनोसिस, पुढे या परिशिष्टात आला. त्यामागे परळच्याच के.ई.एम. रुग्णालयासह अनेक ठिकाणच्या डॉक्टरांनी केलेले अभ्यास होते. गुडघ्याची झीज मात्र त्या यादीत आली नाही. योगायोगाची गोष्ट अशी की, ज्या नारायण मल्हार जोशी यांचे नाव पुढे या रस्त्याला मिळाले, ते १९२१ पासून केंद्रीय विधिमंडळात कामगारांचे नियुक्त प्रतिनिधी होते आणि १९२९ ते १९३१ या काळात शाही कामगार आयोगाचे सदस्यही होते. त्यांनी लढवलेले प्रश्न तातडीचे होते : अपघात, बाळंतपण, कामाचे तास. हळूहळू, वीस-तीस वर्षांत होणाऱ्या झीजेला त्या काळच्या कायद्यात भाषाच नव्हती. ब्रिटनने कोळसा खाणकामगारांच्या गुडघ्याच्या झीजेला व्यवसायजन्य आजार म्हणून मान्यता दिली ती २००९ साली, आणि जर्मनीनेही गुडघ्यांवर भार देणाऱ्या कामांबाबत त्याच वर्षी तशी तरतूद केली. तोवर डिलाईल रोडवरील अपोलो गिरणीच्या जागी उत्तुंग निवासी इमारतीचे काम सुरू होते.

परळमधील भौतिकोपचार

या सर्व काळात उपचारांची सोय दूर नव्हती. करी रोडचा पूल ओलांडला की परळ. के.ई.एम. रुग्णालय १९२६ पासून तेथे उभे आहे. भारतातील भौतिकोपचाराचे, म्हणजे फिजिओथेरपीचे, पहिले विद्यालय १९५२-५३ च्या सुमारास भारत सरकार, मुंबई महानगरपालिका आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या सहकार्याने याच रुग्णालयात सुरू झाले. त्याची तातडीची प्रेरणा पोलिओ ही होती. आरंभीच्या पिढीने लहान मुलांच्या लुळ्या पायांतून स्नायूंचे शास्त्र शिकवले व शिकले. १९५५ मध्ये हाजीअली येथे अखिल भारतीय भौतिकोपचार व पुनर्वसन संस्था आली. कामगार राज्य विमा योजना मुंबईत १९५४ साली लागू झाली होती. म्हणजे पन्नाशीच्या दशकाच्या मध्यावर डिलाईल रोडच्या कामगाराजवळ विमा होता, आणि देशातील या विद्येचे पहिले केंद्र चालत जाण्याच्या अंतरावर होते.

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४५ साली, अमेरिकन लष्करातील डॉक्टर थॉमस डीलॉर्म यांनी क्रमाक्रमाने वजन वाढवत स्नायू बळकट करण्याची पद्धत प्रसिद्ध केली होती. तिचा पहिला मोठा उपयोग जखमी सैनिकांच्या गुडघ्यांवर झाला. घोट्याला वाळूची पिशवी बांधून पाय सरळ करण्याचा जो व्यायाम आजही भौतिकोपचार विभागांत दिसतो, त्याची ही परंपरा. तथापि लोकांच्या बोलीत या विभागाला व्यायामाचे नाव कधी चिकटले नाही. लोक 'शेक घ्यायला' जात, 'लाईट लावायला' जात, 'करंट घ्यायला' जात. यंत्र हे औषधासारखे असते; ते दुसऱ्याने द्यावयाचे आणि आपण घ्यावयाचे. घरी निर्गुडीचा पाला, रुईचे किंवा एरंडाचे गरम पान, महानारायण तेल हे उपचार होतेच, आणि तेही शेकाच्याच जातीचे. यांतून वेदना काही काळ शमते हे नाकारता येत नाही. परंतु मांडीचा दुबळा स्नायू शेकाने बळकट होत नाही, आणि ज्या वस्तीत तालमीत बैठका मारणारी तरुण मुले होती, त्याच वस्तीत दुखऱ्या गुडघ्याला 'आराम द्या' हाच सल्ला सर्वमान्य होता. तालीम तरुणांची आणि शेक म्हाताऱ्यांचा, अशी ती वाटणी होती.

व्यायामाच्या बाजूने भक्कम पुरावा जमू लागला तो नव्वदीच्या दशकात. १९९७ साली अमेरिकेत ६० वर्षांवरील ४३९ रुग्णांवर अठरा महिने चाललेली एक चाचणी प्रसिद्ध झाली. चालण्याचा किंवा वजनाचा व्यायाम करणाऱ्या गटांत केवळ माहिती मिळालेल्या गटापेक्षा वेदना व अडचण माफक प्रमाणात कमी झाली. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका अभ्यासाने मांडीच्या स्नायूचा दुबळेपणा हा झीजेचा केवळ परिणाम नसून कारणही असू शकेल, असे सुचवले. २०१५ च्या कोक्रेन आढाव्यात ४४ चाचण्यांच्या आधारे शंभर गुणांच्या मापनावर वेदनेत सरासरी १२ गुणांची घट नोंदवली गेली. १३९ चाचण्यांचा समावेश असलेला २०२४ चा सुधारित आढावा अधिक सावध आहे : फायदा आहे, पण तो प्रत्येक रुग्णाला जाणवेल एवढा मोठा असेलच असे नाही. हा सावधपणा प्रामाणिक आहे. व्यायामाला चमत्कार म्हणून सादर केल्याने त्याचे नुकसानच झाले आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते; आठ दिवसांत गुण आला नाही की माणूस पुन्हा शेकाकडे वळतो.

चिकटपट्टीचा प्रवेश

व्यायामातील खरी अडचण अशी की, दुखत असलेल्या गुडघ्याने तो सुरू करणे कठीण जाते. वेदना झाली की मांडीचा स्नायू आपोआप आखडता हात घेतो, आणि स्नायू कामाला न लागल्याने गुडघा अधिक दुखतो. या चक्रात शिरण्याची वाट चिकटपट्टीने दाखवली. ऑस्ट्रेलियातील भौतिकोपचारतज्ज्ञ जेनी मॅककॉनेल यांनी १९८६ साली गुडघ्याच्या वाटीमागील वेदनेसाठी एक पद्धत मांडली : वाटी बाहेरच्या बाजूस सरकत असेल तर न ताणणाऱ्या पट्टीने ती आतल्या बाजूस ओढून धरायची आणि त्या अवस्थेत व्यायाम करायचा. त्यांचे रुग्ण मुख्यतः तरुण होते. ही कल्पना वयस्कांच्या झीजेला लावून पाहिली ती ब्रिटनमध्ये. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत केवळ १४ रुग्ण होते. पट्टी आतल्या बाजूस ओढून लावली असता वेदना सुमारे २५ टक्क्यांनी कमी झाली. पुढे २००३ साली मेलबर्न येथील रॅना हिनमन व सहकाऱ्यांनी ८७ रुग्णांचे तीन गट केले : एकाला उपचाराची पट्टी, दुसऱ्याला नुसतीच ओढ न देता लावलेली पट्टी, तिसऱ्याला काहीच नाही. तीन आठवड्यांनंतर पहिल्या गटातील ७३ टक्के, दुसऱ्यातील ४९ टक्के आणि तिसऱ्यातील १० टक्के रुग्णांनी सुधारणा सांगितली. पट्टी काढल्यानंतरही आणखी तीन आठवडे लाभ टिकला.

या आकड्यांतील मधला आकडा सर्वांत बोलका आहे. ओढ न देता लावलेल्या पट्टीनेही जवळजवळ निम्म्यांना बरे वाटले. कोणीतरी गुडघ्याला हात लावला, नीट तपासले, काहीतरी बांधले, याचाही गुण येतो. हाडवैद्याच्या पट्टीवर गिरणगावाची जी श्रद्धा होती तिच्यात हा अंश असावा. पण उरलेला फरक खरा आहे, आणि तो वाटीच्या ओढीचा आहे.

१९७९ साली जपानच्या केंझो कासे यांनी काढलेली लवचिक रंगीत पट्टी ही वेगळी गोष्ट. २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये खेळाडूंच्या अंगावर ती जगाने पाहिली आणि पुढे औषधांच्या दुकानांतूनही ती मिळू लागली. अमेरिकन संधिवातशास्त्र संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत व्यायामाची शिफारस ठामपणे, तर या पट्टीची अटींसह केलेली आहे. ब्रिटनच्या २०२२ च्या सूचना त्याहून कडक आहेत : व्यायाम सर्वांना, पट्टी सरसकट कोणालाही नाही, सांधा अस्थिर असेल किंवा त्यावर विषम भार पडत असेल आणि आधाराशिवाय व्यायाम जमत नसेल, तरच. या दोन भूमिकांत दिसतो तितका विरोध नाही. दोन्हींत पट्टी ही व्यायामाची दासी आहे. मुंबईच्या दमट हवेत ती किती दिवस त्वचेवर टिकेल, घामाखाली पुरळ उठेल काय, हे प्रश्न मेलबर्नच्या चाचणीतून सुटत नाहीत. ते येथील उपचारकालाच सोडवावे लागतात.

व्यायामाला लागणारी जागा

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला. त्यानंतर जे परतले नाहीत, त्यांचा विम्याचा हक्कही काही काळाने संपला, कारण तो हक्क वर्गणीशी बांधलेला होता. संपाच्या वेळी तिशीत असलेला कामगार आज सत्तरी ओलांडून गेला आहे. म्हणजे गुडघे दुखू लागण्याच्या वयात तो पोहोचला, तेव्हा नोकरीबरोबर मिळणारा उपचार त्याच्या हातून गेलेला होता. महापालिकेचे रुग्णालय उरले. २०१७ साली केंद्र सरकारने कृत्रिम गुडघ्याच्या किमतींवर मर्यादा घातली तरी शस्त्रक्रियेचा एकूण खर्च अनेक कुटुंबांच्या आवाक्याबाहेरच राहिला.

अशा वस्तीसाठी व्यायाम हा सर्वांत स्वस्त उपचार होय, हे खरे. गुडघ्याखाली टॉवेलची घडी ठेवून ती दाबणे, पाय सरळ ठेवून उचलणे, खुर्चीवरून हात न टेकता उठणे यांना काही लागत नाही, असे म्हटले जाते. लागते. पाय लांब करून आडवे होण्याएवढी जागा लागते. १६० चौरस फुटांत दोन-तीन पिढ्या असतील तर ती दिवसा मिळत नाही. एक पक्की, न हलणारी खुर्ची लागते. सुरुवातीचे काही आठवडे कोणीतरी पाहून चूक दुरुस्त करावी लागते, आणि त्यासाठी परळपर्यंत जावे लागते. जुलै २०१८ मध्ये डिलाईल रोडचा लोअर परळ येथील रेल्वे पूल वाहनांसाठी बंद झाला, तो पूर्णपणे खुला व्हायला नोव्हेंबर २०२३ उजाडला. त्या पाच वर्षांतील गैरसोयीची चर्चा वाहतूककोंडीच्या भाषेत झाली. जिन्यांनी आणि वळशांनी जाणाऱ्या वृद्धांच्या पायांची झाली नाही.

चाळीच्या जिन्याकडे मात्र दुसऱ्या बाजूनेही पाहता येते. एकाच पायरीवर कठडा धरून चढणे व उतरणे हा भौतिकोपचारातील एक नेहमीचा व्यायाम आहे. पट्टीने वेदना कमी झाली असता, दिवसातून ठरावीक वेळा, पहिल्या पायरीपुरता तो सुरू करता येतो. बीडीडी चाळींच्या पुनर्विकासाचे भूमिपूजन २०१७ साली झाले. नव्या उंच इमारतींत उद्वाहन आहे आणि शौचकूप घरात आहे. गुडघ्यांच्या दृष्टीने हा बदल गेल्या शंभर वर्षांतील कोणत्याही औषधापेक्षा मोठा ठरू शकेल.

जुन्या चाळींतून बाहेर पडणाऱ्या या पिढीकडून आणखी एक गोष्ट घेता येण्यासारखी आहे. त्यांपैकी कोणी गुडघा दाखवायला गेले असता, केसपेपरवर व्यवसायाच्या रकान्यात 'निवृत्त' किंवा 'गृहिणी' एवढेच न लिहिता कोणते खाते, किती वर्षे, किती साचे, कितवा मजला, खाणावळ होती काय, पाणी कोठून आणत होता, हे विचारून उतरवून घेतले, तर भिगवणला जे झाले त्याचा काही अंश येथेही होईल.